तेर, टॉलेमी आणि शर्मिष्ठा : आकाशातील एका नावाचा इतिहास

१/ नोव्हेंबर सरत आला की रात्री नऊच्या सुमारास तेर गावाबाहेर, तेरणेच्या काठी, उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर ध्रुवतारा मिणमिणत असतो. हात लांब करून मुठीवर मूठ अशा तीन मुठी ध्रुवाच्या वर मोजल्या, की पाच ताऱ्यांची एक वाकडीतिकडी रेघ दिसते. इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी. मराठी पुस्तके तिला शर्मिष्ठा म्हणतात, ग्रीक तिला कॅसिओपिया म्हणत. हा धागा या एका नावाचा आहे.

२/ शर्मिष्ठा हे नाव ऐकले की सहज वाटते, महाभारतकाळापासून हे तारे याच नावाने ओळखले जात असावेत. तसे नाही. शर्मिष्ठेची कथा प्राचीन आहे. पाच ताऱ्यांचा तो समूहही प्राचीन आहे. या दोहोंची गाठ मात्र अर्वाचीन काळात मारली गेली. ती का मारली गेली आणि तीतून काय साधले, हे समजून घ्यायचे तर वाट धाराशिव जिल्ह्यातूनच जाते.

३/ आधी तारे. शर्मिष्ठेतील पाच ठळक ताऱ्यांची पाश्चात्त्य नावे शेडार, काफ, गॅमा, रुखबा आणि सेगिन. ते एका रांगेत दिसतात, पण एकमेकांच्या शेजारी मुळीच नाहीत. काफ सुमारे ५४ प्रकाशवर्षे दूर आहे, रुखबा सुमारे १००, शेडार सुमारे २३०, तर मधला गॅमा साडेपाचशेच्या आसपास. काफचा आज दिसणारा प्रकाश १९७०च्या दशकात निघालेला. गॅमाचा निघाला तेव्हा दख्खनेत बहमनी सत्ता फुटण्याच्या बेतात होती.

४/ म्हणजे ‘एम’ हा आकार आकाशात कोठेही नाही. तो पृथ्वीवरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. तारकासमूह ही निसर्गाची वस्तू नव्हे, ती माणसाने केलेली रचना आहे. आणि माणसाने केलेल्या प्रत्येक वस्तूप्रमाणे तिलाही कर्ता असतो, काळ असतो आणि हस्तांतराचा इतिहास असतो.

५/ आता तेर. आजचे हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी ‘तगर’ होते. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतले प्रवासपुस्तक, इजिप्तमधील एका अनाम व्यापाऱ्याने लिहिलेले. त्यात बॅरिगाझा, म्हणजे भरूच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर असल्याची नोंद आहे. तगरहून तऱ्हेतऱ्हेचे कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भरूचला जाई.

६/ तगर म्हणजेच तेर, हे १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी दाखवून दिले. पुढील उत्खननांत सातवाहनकालीन वस्तीचे भरपूर अवशेष मिळाले. तेरची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे. इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंतून उभे राहिलेले तेरचे संग्रहालय आजही या व्यापाराची साक्ष देते.

७/ पेरिप्लसनंतर सुमारे शंभर वर्षांनी, दुसऱ्या शतकाच्या मध्यास, अलेक्झांड्रियात क्लॉडियस टॉलेमी नावाचा पंडित होऊन गेला. त्याच्या ‘जिऑग्राफी’ या ग्रंथात तेव्हा ज्ञात असलेल्या जगातील हजारो स्थळांचे अक्षांश-रेखांश आहेत. त्या यादीत पैठण आहे, ते ‘सिरी पोलेमायोस’ या राजाची राजधानी म्हणून. हा राजा म्हणजे सातवाहन सम्राट श्रीपुळुमावी. आणि त्याच यादीत तगरही आहे.

८/ याच टॉलेमीचा दुसरा ग्रंथ ‘अल्माजेस्ट’. त्यात हजाराहून अधिक ताऱ्यांची सूची आहे. ते ४८ तारकासमूहांत वाटलेले आहेत. त्यांतील एक समूह कॅसिओपिया, १३ ताऱ्यांचा. नगरांना जशी दोन अंकांची जोडी, तशीच ताऱ्यांनाही. म्हणजे ज्या हाताने तगरचे स्थान तक्त्यात मांडले, त्याच हाताने कॅसिओपियाचेही मांडले. तेर आणि शर्मिष्ठा यांची पहिली ओळख अशी एका लेखकाच्या दोन ग्रंथांतून निघते.

९/ टॉलेमीच्या सूचीत ताऱ्यांना स्वतंत्र नावे बहुधा नाहीत. तेथे ताऱ्याचा पत्ता शरीरावरून दिलेला असतो : डोक्यावरचा, छातीवरचा, गुडघ्यावरचा, सिंहासनावरचा. आकृती ठाऊक असल्याखेरीज सूची वाचताच येत नाही. म्हणून कॅसिओपिया कोण होती हे सांगणे ज्योतिषाच्या दृष्टीनेही अवांतर नव्हते.

१०/ ती इथिओपियाचा राजा सेफियस याची राणी. आपले सौंदर्य (काही रूपांत कन्येचे) समुद्रकन्या नेरिडांहून सरस आहे, अशी बढाई तिने मारली. समुद्रदेव पोसायडन कोपला, त्याने किनाऱ्यावर पूर आणि एक प्रचंड जलचर पाठवला. देववाणी झाली की राजकन्या अँड्रोमेडा हिचा बळी दिल्याशिवाय हे संकट टळणार नाही. आईच्या बढाईपायी मुलीला समुद्रकाठच्या खडकाला साखळदंडांनी जखडण्यात आले.

११/ त्याच वेळी पर्सियस तेथून जात होता. जिच्याकडे पाहताच माणसाचा दगड होई, त्या मेड्यूसेचे शिर त्याने नुकतेच कापून आणले होते. त्याने जलचराला मारले, अँड्रोमेडाला सोडवले आणि तिच्याशी विवाह केला. पुढे राजा, राणी, कन्या, जावई आणि जलचर हे सारे आकाशात गेले. शरद व हेमंतातील रात्री उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत ही एकच कथा पसरलेली असते.

१२/ या कथेचा देश इथिओपिया. पण रोमन कवी ओव्हिड एके ठिकाणी पर्सियसने अँड्रोमेडाला सावळ्या भारतीयांच्या देशातून आणल्याचे म्हणतो. भूमध्यसागरापलीकडच्या त्या लोकांच्या मनात इथिओपिया आणि भारत यांच्या सीमा पुष्कळदा एकमेकांत मिसळलेल्या होत्या. ज्या काळात तगरचे कापड त्या दिशेने निघत होते, त्याच काळातला हा कवी. निदान एका कवीच्या कल्पनेत अँड्रोमेडा आपल्या बाजूची होती.

१३/ राणीला आकाशात जागा मिळाली, पण शिक्षेसह. सिंहासनावर बसून तिने सतत ध्रुवाभोवती फिरायचे आणि अर्धी फेरी डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत काढायची. तिसऱ्या शतकात (इ. स. पूर्व) आराटस या ग्रीक कवीने ती मावळताना पाणबुड्यासारखी डोक्यावर कोसळते असे वर्णन केले. राजस्त्रीला शोभणार नाही अशा रीतीने तिने क्षितिज ओलांडावे, हाच त्या शिक्षेचा भाग.

१४/ हे वर्णन तेरहून पडताळून पाहता येते, आणि तेथे एक गंमत आढळते. आजच्या ग्रीसमधून हे पाच तारे कधीच मावळत नाहीत. ध्रुवाच्या खाली आलेली, उलटी लटकलेली राणी तेथे दर फेरीत दिसू शकते. धाराशिवचा अक्षांश १८ अंशांच्या आसपास; येथून ते तारे रोज सात-आठ तास क्षितिजाखाली असतात. ध्रुवाच्या वर असताना राणीचे डोके वर असते. वायव्येस ती डोक्याकडून मावळते आणि तिचे पूर्ण उलटे होणे जमिनीआड घडते.

१५/ म्हणून इंग्रजी पुस्तकांत छापलेला सरळ ‘डब्ल्यू’ मराठवाड्यातून दिसत नाही. दिसतो तो माथ्यावरचा ‘एम’, आणि उगवता-मावळताना आडवे पडलेले अक्षर. ग्रीक कथेतील शिक्षेचा सर्वांत अपमानास्पद भाग येथील आकाश झाकून घेते. कथा जेथे जन्मते तेथील क्षितिज तिच्यात मुरलेले असते. दुसऱ्या अक्षांशावर नेली की ती तंतोतंत बसत नाही.

१६/ मग प्रश्न असा की यवनांचा माल तगरपर्यंत पोहोचत होता, तर त्यांचे आकाश पोहोचले का? उत्तर आहे : अर्धे पोहोचले. मेष, वृषभ, मिथुन अशा बारा राशी ग्रीक-बाबिलोनी जगातून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत भारतात आल्या. ‘यवनजातक’ हा संस्कृत ग्रंथ नावापासूनच आपले मूळ सांगतो.

१७/ शब्दही आले. होरा, केंद्र, लिप्ता, द्रेष्काण, जामित्र हे शब्द ग्रीकमधून संस्कृतात उतरले. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त तर राशींची क्रिय, ताबुरि, जितुम, लेय अशी ग्रीक उच्चारांवरून बनलेली नावे आहेत. आज भूमितीच्या तासाला वर्तुळाचा ‘केंद्रबिंदू’ म्हणणारे मूल नकळत एक ग्रीक शब्द उच्चारत असते.

१८/ वराहमिहिराला, म्हणजे सहाव्या शतकातील त्या थोर ज्योतिर्विदाला, याची लाज वाटली नाही. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात चांगले रुजलेले आहे, म्हणून तेही ऋषींप्रमाणे आदरास पात्र ठरतात, अशा आशयाचे वचन ‘बृहत्संहिते’त आढळते. घेतले तर घेतले म्हणावे, ही त्या परंपरेची रीत.

१९/ राशी आल्या, राणी आली नाही. कारण उघड असावे. राशी सूर्य, चंद्र आणि ग्रहांच्या मार्गावर आहेत. पंचांगाला व जातकाला त्यांचा उपयोग. कॅसिओपिया त्या मार्गापासून फार दूर. तिच्यावाचून कोणतेही गणित अडत नव्हते. दूरच्या वाटेने जाणारा व्यापारी खपेल तोच माल गाडीवर चढवतो, ज्ञानाच्या बाबतीतही पुष्कळदा तसेच घडते.

२०/ येथील उत्तर आकाश रिकामे होते असे मात्र नव्हे. ध्रुव होता, सप्तर्षी होते, वसिष्ठाशेजारी अरुंधती होती, अभिजित होता. खेड्यापाड्यांत सप्तर्षींना खाट किंवा बाज म्हणण्याची चाल आहे. तिच्यामागून येणारे तीन तारे म्हणजे खाट पळवणारे तीन चोर. ग्रंथांचे आकाश आणि अंगणात पडल्या पडल्या पाहिलेले आकाश, अशी दोन आकाशे येथे शेजारी नांदत होती.

२१/ यवनांच्या राणीने दुसरी वाट धरली. टॉलेमीचा ग्रंथ अरबीत गेला, ‘छातीवरचा तारा’ हे त्याचे शब्द अरबीत ‘सद्र’ झाले आणि तेथून युरोपात ‘शेडार’. ‘काफ’ची गोष्ट वेगळी. अरबांचे स्वतःचे जुने चित्र या पाच ताऱ्यांत मेंदी लावलेला हात पाहत असे. काफ म्हणजे तळहात. दहाव्या शतकात अल-सूफी याने आपल्या तारकाग्रंथात ग्रीक आकृती आणि अरबी चित्रे दोन्ही नोंदवली. एका समूहात आजही दोन संस्कृतींची नावे एकत्र राहतात.

२२/ या वाटेवरून एक तारा फार आधी संस्कृतातही शिरला. पर्सियसच्या हातातील मेड्यूसेचे शिर अरबीत ‘रास अल-घूल’, म्हणजे पिशाचाचे डोके झाले. युरोपात त्याचा ‘अल्गोल’ झाला. १३७० साली फिरोजशाह तुघलकाच्या दरबारातील जैन पंडित महेंद्रसूरी याने ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ यंत्रावर, म्हणजे ॲस्ट्रोलेबवर लिहिला. त्यातील तारकासूचीत हाच तारा ‘प्रेतशिर’ म्हणून येतो.

२३/ मेड्यूसा, घूल, प्रेतशिर आणि आज मराठीत मायावती : एका ताऱ्याची चार नावे. हा तारा दर दोन दिवस वीस तास एकोणपन्नास मिनिटांनी मंदावतो आणि पुन्हा उजळतो. त्याच्याभोवती फिरणारा मंद जोडीदार त्याला ग्रहण लावतो. पण महेंद्रसूरीने घेतला तो तारा. राणीच्या घराण्याची कथा नव्हे.

२४/ ती कथा मराठीच्या दारात आली एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी शिक्षण आणि छापील नकाशांबरोबर. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रकाशित झाला, तो याच मंथनाचा काळ. मराठीत खगोल लिहायचा तर प्रत्येक समूहाला नाव हवे. हंसासारख्या आकृतीला ‘हंस’ म्हणणे सोपे. पण ज्या समूहाचे नावच एका परक्या व्यक्तीचे, त्याचे काय करावे?

२५/ मराठी ज्योतिर्लेखकांनी येथे एक विलक्षण तोडगा स्वीकारला. त्यांनी नावांचे भाषांतर केले नाही, कथेला कथा दिली. कॅसिओपिया झाली शर्मिष्ठा, अँड्रोमेडा देवयानी, पर्सियस ययाती, सेफियस वृषपर्वा, आणि जलचर झाला तिमिंगल. ग्रीक राजघराण्याच्या जागी महाभारताच्या आदिपर्वातील एक अख्खे प्रकरण आकाशात चढले.

२६/ ते प्रकरण असे. दानवराज वृषपर्व्याची कन्या शर्मिष्ठा आणि त्याचे गुरू शुक्राचार्य यांची कन्या देवयानी वनात जलक्रीडेस गेल्या. वाऱ्याने काठावरची वस्त्रे मिसळली आणि शर्मिष्ठेने चुकून देवयानीचे वस्त्र नेसले. शब्दाला शब्द वाढला. तुझा बाप माझ्या बापापुढे स्तुती गात हात पसरतो, असे सुनावून राजकन्येने गुरुकन्येला विहिरीत ढकलले. मृगयेस आलेल्या ययातीने उजवा हात धरून तिला वर काढले. हात धरला तो धरला, म्हणून पुढे देवयानीने त्यालाच वरले.

२७/ आता दोन्ही कथा शेजारी ठेवाव्यात. दोन्हींत एका राजस्त्रीच्या तोंडून गर्वाचे वचन निघते. दोन्हींत एक तरुणी प्राणसंकटात सापडते, एकीकडे खडक, दुसरीकडे विहीर. दोन्हींत वाटेने जाणारा एक परका वीर तिला सोडवतो आणि तिचा पती होतो. नाव देणाऱ्यांनी कथेचा सांगाडा नीट पाहिला होता. हे केवळ उच्चारांचे किंवा मानाचे साम्य नव्हते.

२८/ नाती मात्र जुळत नाहीत. सेफियस कॅसिओपियाचा पती, तर वृषपर्वा शर्मिष्ठेचा पिता. अँड्रोमेडा कॅसिओपियाची मुलगी, तर देवयानी शर्मिष्ठेची सखी, मग स्वामिनी आणि अखेर सवत. प्राचीन काळी एका कथेवरून दुसरी बेतली गेली असती तर नाती अशी विस्कटली नसती. दोन स्वतंत्र कथांपैकी एक दुसरीच्या साच्यात नंतर बसवली, याचा पुरावा या विसंगतीतच आहे.

२९/ आणि खरा फरक याहून खोल आहे. ग्रीक कथेत बढाई आईची, साखळदंड मुलीला. महाभारतात अपराध जिचा, प्रायश्चित्त तिचेच. शुक्राचार्य दानवांना सोडून निघाले तेव्हा देवयानीने अट घातली की शर्मिष्ठेने हजार दासींसह आपली दासी व्हावे. आपल्यामुळे कुळावर संकट येऊ नये म्हणून राजकन्येने ती अट स्वतः होऊन मान्य केली. कॅसिओपियाच्या कथेत असा क्षण नाही.

३०/ पुढे ययातीला चोरून शर्मिष्ठेपासूनही पुत्र झाले. देवयानीने पित्याकडे तक्रार केली, शुक्राने जावयाला अकाली वार्धक्याचा शाप दिला. ते वार्धक्य घेऊन आपले तारुण्य द्यायला एकच पुत्र तयार झाला, शर्मिष्ठेचा धाकटा पुरू. राज्य त्याला मिळाले आणि त्याच्याच वंशात पुढे कौरव-पांडव झाले. देवयानीचा थोरला यदू राज्याला मुकला. त्या यदूचे वंशज म्हणवणारे देवगिरीचे यादव पुढे या मराठी मुलखावर राज्य करून गेले.

३१/ म्हणजे नाव बदलले तेव्हा आकाशातील न्यायही बदलला. त्याच पाच ताऱ्यांकडे पाहून ग्रीक मुलाला गर्विष्ठ स्त्रीचा अधःपात आठवे. मराठी मुलाला आठवते ती चुकलेली, चुकीची किंमत स्वतः मोजणारी आणि शेवटी वंशमाता झालेली स्त्री. १९५९ साली वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ आली आणि मराठी वाचकाच्या मनात शर्मिष्ठा आणखी जवळची झाली. या आकाशात तिचे डोके-खाली होणे क्षितिजाआड घडावे, हा योगायोगच. पण तो तिला शोभतो.

३२/ या आकाशाशी जिल्ह्याचा आणखी एक संबंध आहे. १८८७ साली पॅरिस येथे जगातील वेधशाळांनी सगळे आकाश छायाचित्रांतून नोंदवण्याचे ठरवले आणि त्याचे पट्टे वाटून घेतले. हैदराबादची निजामिया वेधशाळा या कामात सामील झाली. तिच्याकडे आधी दक्षिणेकडील एक पट्टा आला, नंतर उत्तरेकडील ३६ ते ३९ अंशांचा. हा उत्तरपट्टा देवयानी आणि ययाती या समूहांमधून जातो.

३३/ टी. पी. भास्करन यांच्यासारख्या संचालकांच्या हाताखाली तेथे काचपट्ट्यांवरील लाखो ताऱ्यांची स्थाने मोजून छापली गेली. हा खर्च निजाम सरकारचा, आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीतला. त्यांच्याच नावावरून धाराशिव हे ‘उस्मानाबाद’ झाले होते. २०२३ साली धाराशिव हे नाव अधिकृतपणे परतले. टॉलेमीच्या सूचीपासून सुरू झालेल्या कामाचा एक तुकडा असा या जिल्ह्याच्या तेव्हाच्या राज्यकर्त्याच्या पदरी पडला होता.

३४/ नावे बदलतात तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाने काय करावे? तेरचेच त्रिविक्रम मंदिर पाहावे. विटांची, पाठीमागे अर्धगोल असलेली ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी असे अभ्यासक मानतात. आज तेथे त्रिविक्रमाची पूजा होते. ज्या बळी-वामनाच्या कथेतील ही मूर्ती, त्या कथेतही शुक्राचार्य आहेत, देवयानीचे वडील. वास्तू जुनी, देव नंतरचा, आणि दोन्ही खरे.

३५/ शर्मिष्ठा हा तारकासमूह असाच आहे. सांगाडा अलेक्झांड्रियाचा, त्यावर अरबी हात, आत महाभारतातील मूर्ती आणि प्रतिष्ठापना मराठी लेखकांची. मंदिर मूळचे चैत्यगृह होते असे म्हटल्याने त्रिविक्रमाचे काही उणे होत नाही. तसेच हे नाव अर्वाचीन आहे असे म्हटल्याने शर्मिष्ठेचेही होत नाही.

३६/ येथे काही तरी पणाला लागलेले आहे. ‘शर्मिष्ठा’ हे नाव पुढे करून आपल्या पूर्वजांनी हा समूह ग्रीकांआधी आखला होता असे सांगणे सोपे असते, आणि त्याला टाळ्याही मिळतात. पण पुढे कोणी अल्माजेस्ट उघडला की ती इमारत कोसळते आणि तिच्याबरोबर खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो. त्या कोसळण्यात अरुंधती आणि अभिजित यांसारखी खरोखर प्राचीन नावेही संशयाखाली येतात. खोटा अभिमान आपल्या खऱ्या ठेव्याचेच नुकसान करतो.

३७/ उलट, सगळे आकाश उसने आहे असे म्हणून मान खाली घालणेही तितकेच चूक. एका परक्या कथेचा सांगाडा ओळखून त्यावर आपल्या महाकाव्यातील नेमके प्रकरण बसवणे हे वाचनाचे आणि प्रतिभेचे काम होते. ज्यांनी ते केले त्यांना दोन्ही कथा ठाऊक होत्या. त्यांचे श्रेय प्राचीनांच्या नावे लिहिले की हे मराठी लेखकच पुसले जातात.

३८/ ज्यांना पडताळून पाहायचे आहे त्यांच्यासाठी : नोव्हेंबर-डिसेंबरची अमावास्येजवळची रात्र निवडावी आणि गावाच्या दिव्यांपासून दूर जावे. ‘एम’ची जी बाजू अधिक टोकदार आहे, ती माथ्याकडे बाण दाखवते. त्या दिशेने सुमारे दीड मूठ वर गेले की धुरकट ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर. अल-सूफीने दहाव्या शतकात तिची ‘लहानसा ढग’ म्हणून नोंद केली होती.

३९/ मग पूर्वेकडे वळून ययाती शोधावा आणि त्यातील मायावती लागोपाठ तीन-चार रात्री पाहावी. एखाद्या रात्री ती शेजारच्या ताऱ्यांपुढे स्पष्ट मंद दिसेल. मेड्यूसेचे शिर म्हणा, प्रेतशिर म्हणा. तगरच्या बाजारातून कापडाच्या गाड्या निघत होत्या तेव्हाही ती अशीच दर तिसऱ्या दिवशी मंदावत होती.

४०/ उत्तररात्री शर्मिष्ठा वायव्येस कलते. आधी डोके, मग छाती, आणि जवळजवळ अडीच तासांनी पाय क्षितिजाखाली जातात. आराटसने जे लिहिले ते तेरणेच्या काठावरून असे जसेच्या तसे दिसते. शक्य असल्यास दिवसा तेरचे संग्रहालय आणि त्रिविक्रम मंदिर पाहावे, आणि रात्री तेथूनच हे दृश्य. धागा समाप्त.